बेकरीत कपडे टाकून ये

“मावशी, तुमचं दुकान बंद कधी होणार?”

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मगच तिच्या लक्षात आलं की दुकान अजून उघडलेलंसुद्धा नाही.

आत शिडीवर एक बाई उभी होती. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, डोक्याला फडकं गुंडाळलेलं आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. छत रंगवता रंगवता तिचा हात थबकला. ब्रशवरून एक थेंब सुटला आणि खाली अंथरलेल्या जुन्या चादरीवर टपकन पडला.

बाहेर नवीन लावलेल्या झाडाआड दोन मुली एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. झाड मनगटाएवढं आणि मुली दोन, त्यामुळे लपणं नावापुरतंच. एक चष्मिस, दुसरी टिंगू. दोघी तिच्या वर्गातल्या. पैजही त्यांचीच. “हिंमत असेल तर आत जाऊन विचार,” चष्मिस म्हणाली होती. “आणि आधी ‘मावशी’ म्हण, म्हणजे मार पडला तरी मायेचा पडेल,” टिंगूने पुस्ती जोडली होती.

मागच्या वर्षी कुणी अशी पैज लावली असती तर ती तोंड लपवून घरी पळाली असती. तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता की हजेरीला ती ‘हजर’ म्हणायची आणि बाई तिला गैरहजर लावायच्या. घरात तिला ‘चिमणी’ म्हणत ते उगाच नाही. मग शाळेच्या स्पर्धांच्या दिवशी ऐन वेळी माइक बंद पडला, सर घामाघूम झाले, आणि कागद हातात धरून जवळ उभी असलेली ही, काय अंगात आलं कोण जाणे, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात पुढच्या शर्यतीचं नाव ओरडली. पलीकडच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. स्वतःचा आवाज ऐकून ती स्वतःच दचकली आणि मग तिला तो जाम आवडला. तेव्हापासून घरात चिमणी आणि मैत्रिणींत भोंगा.

“बंद?” शिडीवरची मावशी म्हणाली. “अगं, आधी उघडू तर देशील? तू कोण? घरमालकाने पाठवलंय?”

“छे! मी समोरच्या घड्याळवाल्यांची.”

“अरे वा. माझं घड्याळ बंद पडलंय, घेऊन येते.”

“नको, ते कपडे करतात. म्हणजे पँट लांब झाली की आखूड, कंबर घट्ट झाली की सैल. चेन बदलून देतात. पडदेसुद्धा.”

“मग घड्याळवाले कसे?”

“बोर्ड आहे ना तसा.”

मावशी एकेक पायरी करत खाली उतरली. डबा ठेवला. कमरेवर हात ठेवून तिच्याकडे नीट बघितलं. “सकाळपासून पोरं येतायत माझ्याकडे. भोवरा आहे का, बाहुली आहे का. एक तर रडत बसला दारात. मी खुर्च्या दुरुस्त करणारी बाई. वेत विणते, मोडके पाय जोडते. बाहुली कुठून आणू?”

“तुमच्या डोक्यावर ‘खेळणी’ लिहिलंय ना, म्हणून.”

“ते मी उद्याच काढणार आहे.”

“काढायचं नाही!”

हा खास भोंग्याचा आवाज होता. डब्यातला रंग हिंदकळला. झाडाआडच्या दोघी मार सुरू झाला असं समजून कोपऱ्यापर्यंत पळून गेल्या.

मग तिने मावशीला समजावून सांगितलं. या गल्लीत जाणाऱ्याचा बोर्ड उतरवत नाहीत. दुकान सोडून जाणारा माणूस बोर्ड मागे ठेवून जातो, कारण त्या बोर्डाच्या ओढीने येणारी पावलं नव्या माणसाला फुकटात मिळतात. ती जाणाऱ्याने येणाऱ्याला दिलेली भेट. आणि भेट कुणी उचलून फेकतं का? म्हणून इस्त्रीवाल्या काकांच्या दुकानावर ‘बेकरी’ आहे, कॉफीवाल्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘हार्डवेअर’ आहे, आणि आईबाबांच्या डोक्यावर ‘घड्याळे’. बोर्डावर रंगवलेल्या घड्याळात कायम शाळा सुटायची वेळ झालेली असते, एवढाच काय तो त्याचा तिला फायदा. गल्लीत कुणाचं अडत नव्हतं. घराघरांतून आया सांगत, “जाता जाता बेकरीत कपडे टाकून ये,” आणि मुलं बरोबर इस्त्रीला कपडे टाकून येत.

मावशी ऐकत राहिली. मग नाकावरचा रंग पुसायला गेली आणि तो गालभर पसरवून म्हणाली, “असू दे. तू मला प्रश्न विचारलास, आता मी तुला विचारते. माझ्याआधी इथे कोण होतं?”

“छत्र्यावाले. त्यांच्याआधी ज्यूसवाले. त्यांच्याआधी कुत्र्या-मांजरांचं खाणं.”

“का गेले?”

“जागाच पांढऱ्या पायाची आहे, असं सगळे म्हणतात.”

“जागेला कुठे पाय असतात? खुर्चीला असतात. आणि खुर्ची डुगडुगते तेव्हा मी नशिबाला बोल लावत नाही, वाकून बघते कुठला पाय आखूड आहे ते. तूही बघ. पुढच्या शनिवारी उघडायचंय मला. तोवर कळलं तर माझं भलं होईल.”

पैज जिंकली होती. पण बाहेर पडताना डोक्यात पैज नव्हती. मोठ्या माणसाने तिला खरोखरीचा प्रश्न विचारायची ही पहिलीच वेळ होती. उत्तर आधीच माहीत असून परीक्षेत विचारतात तसला नव्हे.

*

आईबाबांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, काउंटरवर कात्री, खडू आणि बाबांच्या गळ्यात असायला हवी ती मापाची टेप. टेप काउंटरवर असली की बाबा ती गळ्यात शोधत आणि गळ्यात असली की काउंटरवर. मागे आईचं मशीन, त्याच्या शेजारी दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावलेली, आणि त्याच्याही मागे लाकडी जिना. जिना चढला की घर. शाळेतून घरी जायचं तर दुकानातूनच जायचं, त्यामुळे तिचं लहानपण अर्धं जिन्यावर आणि अर्धं काउंटरखाली गेलेलं.

त्या दिवशी ती आत आली तेव्हा बाबा एका आजोबांच्या मनगटी घड्याळाचं झाकण उचकटत होते.

झालं होतं असं. गल्लीच्या टोकाच्या दोन जुन्या चाळवजा इमारती पाडल्या आणि तिथे टॉवर उभा राहिला. फुटपाथ रुंद झाला, बाक नसले तरी झाडं आली, सायकलींना स्टँड आला, गाड्या गल्लीत घुसायच्या बंद झाल्या. माणसं पायी फिरू लागली. पण बाबांच्या दुकानात येणारे नवे लोक एकच विचारत: “घड्याळाचा सेल मिळेल?” बाबांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. सुरुवातीला ते हात जोडत, कानकोंडे होत. मग कुणा म्हाताऱ्या बाईंना रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कुठूनतरी सेल आणले, एक बारका स्क्रू-ड्रायव्हर आणला, आणि आता खडूच्या डबीशेजारी सेलची डबी होती.

“झालं,” बाबा म्हणाले. आजोबा खूश होऊन गेले.

“पँट आखूड करायला माणूस येत नाही आणि हे वेळ दुरुस्त करत बसलेत,” आई मशीनवरूनच म्हणाली. मशीनवर कपडा नव्हता. आई नुसतीच तेल घालत होती. गेले कित्येक दिवस मशीनला जेवढं तेल मिळत होतं तेवढं काम मिळत नव्हतं.

“सोमवारी कळवायचंय ना गं?” बाबांनी हळूच विचारलं.

“पुढच्या सोमवारी. दादाचा परत फोन आला होता.”

दादा म्हणजे आईचा मोठा भाऊ, तिचा मामा. तो शहराबाहेरच्या भल्या मोठ्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात मॅनेजर होता. तिथे कपडे अल्टर करायला माणसं हवी होती. दोघांनाही घेतो म्हणाला होता. वातानुकूलित, महिन्याच्या महिन्याला पगार, सुट्टी. फक्त एकच, की हे दुकान सोडायचं. दुकान सोडलं की वरचं घरही सोडायचं, कारण दोन्ही एकाच मालकाचं. मॉलजवळ मोठी घरं स्वस्त होती. तिथे चालत जाण्यासारखं काही नव्हतं, पण पार्किंग होतं.

“आपल्याकडे गाडीच नाही, पार्किंगमध्ये काय आपण उभं राहायचं?” तिने जिन्याच्या पहिल्या पायरीवरून विचारलं.

“चिमणे, मोठ्यांच्या बोलण्यात चोच घालू नकोस,” आई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. “आम्हाला काय हौस आहे? माणसंच उरली नाहीत गल्लीत ओळखीची. कुणासाठी उघडं ठेवायचं?”

हे मात्र तिला खटकलं. माणसं उरली नाहीत? आत्ता शाळेतून येताना ती माणसांना धडकत धडकत आली होती.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने चष्मिसला आणि टिंगूला बरोबर घेतलं आणि कॉफीवाल्याच्या पायरीवर ठाण मांडलं.

“काय करायचंय?” टिंगू म्हणाली.

“बघायचं.”

“काय?”

“माणसं कुठे बघतात ते.”

“भोंगा कामातून गेली,” चष्मिस म्हणाली, पण बसली.

थोड्याच वेळात मजा यायला लागली. गल्लीतली जुनी माणसं चालताना समोर बघत किंवा एकमेकांकडे बघत. वर कुणीच बघत नव्हतं. टॉवरमधली माणसं मात्र चालता चालता मान वर करून बोर्ड वाचत आणि पुढे जात. एक तरुण हातात इस्त्री करायच्या शर्टांची पिशवी घेऊन ‘बेकरी’समोरून दोनदा गेला. दुसऱ्यांदा आत डोकावला, ब्रेड कुठे दिसला नाही, बहुधा संपला असं समजून तसाच पुढे गेला. आत इस्त्रीवाले काका गरम इस्त्री हातात धरून गिऱ्हाइकाची वाट बघत होते. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

“अगं बाई,” टिंगू म्हणाली.

“गप्प. बघ.”

एका लहान मुलाने ‘खेळणी’ वाचून आईचा हात ओढला. आईने त्याला उचललं आणि म्हणाली, “नको, तिथे नेहमी काहीतरी वेगळंच असतं.”

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागचं दार उघडून टॉवरमधल्या दोन ताया कॉफीचे पेले घेऊन बाहेर आल्या. “हार्डवेअर! काय भारी नाव ठेवलंय ना?” एक म्हणाली. “एकदम हटके,” दुसरी म्हणाली आणि तिने बोर्डाचा फोटो काढला.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अशा हसत सुटल्या की कॉफीवाल्या दादाने बाहेर येऊन विचारलं, “काय झालं? कुणी पडलं?”

“दादा, तुमच्या दुकानाचं नाव काय?” तिने विचारलं.

तो ओशाळला. “खरं सांगू? मी वेगळंच ठेवलं होतं. पण आता माझ्या आईलासुद्धा ते आठवत नाही.”

हसून पोट दुखायचं थांबलं तेव्हा तिला आखूड पाय सापडला होता. ज्यांना गल्ली पाठ होती ती माणसं जुन्या इमारतींबरोबर निघून गेली. बेकरीत इस्त्री होते हे त्यांना आयांनी सांगितलेलं. नव्या माणसांना कुणी सांगितलंच नाही. ती बिचारी वाचून चालतात. आणि गल्ली त्यांना पहिल्या अक्षरापासून थापा मारते. एकट्या कॉफीवाल्याचं फावलं, तेही चुकून.

*

“अस्सं!” मावशी म्हणाली. तोवर तिची हत्यारं भिंतीवर लागली होती, करवती उंचीप्रमाणे, आणि कोपऱ्यात पाण्याच्या घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडल्या होत्या. “म्हणजे बोर्ड उतरवायचा.”

“पण भेट...”

“भेट फेकायची कुणी सांगितली? चल, शिडी धर.”

‘खेळणी’ खाली आला तेव्हा निम्मी गल्ली गोळा झाली. सगळ्यात पुढे इस्त्रीवाले काका. “बाई, हे काय चालवलंय? माझे केस काळे होते तेव्हापासून बोर्डाला हात लागलेला नाही गल्लीत! आज खेळण्यांचा उतरला, उद्या माझ्या बेकरीचा उतरवाल!”

“काका, तुमच्या बेकरीत एकदा तरी पाव भाजलाय का?” तिने विचारलं.

“प्रश्न पावाचा नाही, रीतीचा आहे! आणि तू गं, परवापर्यंत तुझ्या तोंडावरची माशी हलत नव्हती, आता काकांना उलटं बोलतेस?”

“उलटं नाही, मोठ्याने बोलते. दोन्हींत फरक आहे.”

लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मान झटकली, दुकानात गेले आणि एका निष्पाप चादरीवर सगळा राग काढला. वाफ बाहेर रस्त्यापर्यंत आली.

मावशीने बोर्ड उलटा करून बोटांनी वाजवून पाहिला. जाडजूड, पिकलेली फळी. “असलं लाकूड आता मिळतं कुठे?” ती स्वतःशीच म्हणाली, आणि रंधा उचलला.

रोज शाळा सुटली की ती तिथे जाऊ लागली. तिला कडा घासायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी तिने इतक्या उत्साहाने घासलं की मावशीने तिचा हात धरला: “फळी आहे, भांडं नाही. हळू.” फळीला चार पाय लागले, पाठीला टेकायला दोन आडव्या पट्ट्या लागल्या. अक्षरांना मात्र मावशीने हात लावू दिला नाही. उलट त्यांच्यावरून पॉलिशचा हात फिरवला, तशी ती जुनी लाल-निळी अक्षरं नुकतीच लिहिल्यासारखी चमकली. शनिवारी सकाळी दारावर नवा बोर्ड लागला: ‘खुर्च्या दुरुस्त करून मिळतील’. आणि दाराशेजारी, रुंद फुटपाथवर, एक बाक. बाकावर लिहिलेलं: ‘खेळणी’.

पहिल्यांदा येऊन बसले ते इस्त्रीवाले काका.

“मजबूत आहे का तेवढं बघतो,” ते म्हणाले. दुपारपर्यंत बघत होते.

*

त्या सकाळी टॉवरमधून खुर्च्या येऊ लागल्या. एक पाय निखळलेली, एक बसकण फाटलेली, एक नुसतीच कुरकुरणारी. लोक खुर्ची आत देत, बाहेर येऊन बाकावर टेकत आणि मग उठायला विसरत. एरवी त्याच फुटपाथवरून भरभर निघून जाणारी माणसं आता बसून गल्लीकडे बघत होती. चष्मिस आणि टिंगू हातांनी गिऱ्हाइकं आत ढकलत होत्या आणि भोंगा जाहिरात करत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिला कुणी थांबवलंही नव्हतं.

एक बाई बाकावर येऊन बसल्या. ऑफिसला जाणाऱ्या असाव्यात, पण आज सुट्टी होती. शेजारी कापडाची फुगलेली पिशवी ठेवली आणि इस्त्रीवाल्या काकांना म्हणाल्या, “छान केलंय हो हे. जरा बसते. अजून बस पकडायचीय, मॉलला.”

“शनिवारची खरेदी वाटतं?” काका म्हणाले.

“कुठली खरेदी! या चार पँटी आखूड करायच्यात. मुलाच्या. आणि पडदे. जवळपास कुणी शिवणारं नाही ना, एवढ्यासाठी इतक्या लांब जावं लागतं. जायला एक दिवस, आणायला एक दिवस.”

भोंग्याचा आवाज जागच्या जागी बंद झाला. बाई बसल्या होत्या तिथून आईचं दुकान सरळ समोर दिसत होतं. आई दारात बसून रिळं पुसत होती.

“काकू,” ती हळू आवाजात म्हणाली, जुन्या चिमणीच्या आवाजात, “ते समोर आहे की दुकान.”

बाईंनी वर पाहिलं. “ते? ते घड्याळांचं आहे गं. मी रोज त्याच्यासमोरून जाते.”

“बाई,” इस्त्रीवाले काका म्हणाले आणि बाकावरून उभे राहिले. आज दिवसभरात पहिल्यांदाच. “काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. समोर जा. तिच्या आईसारखी टीप या शहरात कुणी मारत नाही. आणि हो, तुमच्याकडे इस्त्रीचे कपडे असतील तर बेकरीत टाका.”

“बेकरीत?” बाई म्हणाल्या.

काकांनी आपल्या दुकानाच्या बोर्डाकडे असं पाहिलं, जसं काही तो आत्ताच कुणीतरी आणून लावलाय.

तोवर ती बाईंची पिशवी उचलून रस्ता ओलांडूनही गेली होती.

आईने पँट हातात घेतली, उलटी केली, काठ उलगडून पाहिला आणि म्हणाली, “दोन बोटं आत ठेवते हं, मुलगा वाढेल तसं सोडता येईल.” बाईंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की बाबांनी सवयीने सेलची डबी पुढे केली होती ती गुपचूप मागे घेतली. पडद्यांचं माप झालं. मग बाई म्हणाल्या, “अहो, आमच्या मजल्यावर सगळ्यांचीच पंचाईत आहे ही. मी सांगू का त्यांना?”

“सांगा की,” आई म्हणाली.

“पण काय सांगू? घड्याळांच्या दुकानात जा म्हणू?”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी टेप शोधायला सुरुवात केली. ती गळ्यातच होती.

*

संध्याकाळी आईचं मशीन चालू होतं. जिन्यावरून, वरच्या घरातून, रस्त्यावरूनसुद्धा ऐकू यावं असं. मध्येच थांबे, दोरा तुटल्याचा टच आवाज येई, मग पुन्हा घर्रर्र. या आवाजात ती सगळी बाराखडी, सगळे पाढे शिकली होती, आणि तो गेले काही महिने नव्हता हे तिला आत्ता कळत होतं.

बाबा इस्त्रीने काठ बसवत होते. आई अधूनमधून गुणगुणत होती आणि कुणी बघितलं की थांबत होती.

“एका दिवसाने काही होत नाही,” आई एकदम म्हणाली, जणू मशीनलाच. “आज चार पँटी आल्या. उद्या कोण येणार? सोमवारी दादाला काय सांगायचं?”

“बोर्ड बदलला तर येतील,” ती जिन्यावरून म्हणाली.

बाबांनी इस्त्री उभी केली. “ते होणार नाही, चिमणे. घड्याळवाले काका गेले ना, त्या दिवशी माझा हात धरून म्हणाले होते, ‘बोर्ड राहू दे दारात. माझी माणसं येतील ती तुझी होतील.’ आणि झाली. पहिली पँट त्यांच्याच गिऱ्हाइकाची होती. मी शब्द दिलाय.”

“कुठे राहू दे म्हणाले?”

“दारात.”

“वर असं म्हणाले का?”

बाबा गोंधळले. “वर म्हणजे... दारातच असतो ना बोर्ड.”

समोर मावशी दुकान बंद करत होती. बाकावर अजून दोन माणसं बसलेली होती आणि त्यांच्यामध्ये जागा धरून, कुणालाही न विचारता, एक मांजर. तेही बहुधा कुत्र्या-मांजरांच्या खाण्याच्या जुन्या दुकानाचं गिऱ्हाईक असावं. कॉफीवाला दादा दारात येऊन मावशीला बजावत होता, “माझ्या ‘हार्डवेअर’ला मात्र हात लावायचा नाही हं, बाजार उठेल माझा!” आणि इस्त्रीवाले काका आपल्या दुकानासमोर शिडीशिवायच, टाचा उंचावून, ‘बेकरी’ची फळी बोटांनी वाजवून बघत होते.

ती जिन्यावरून उठली. दोन पायऱ्या एकदम उतरून काउंटरपाशी आली, मधोमध, जिथून आईही दिसते आणि बाबाही.

“मी एक ठरवलंय,” ती म्हणाली.

आईने मशीन थांबवलं. “या घरात ठरवणारी माणसं दोन होती. तिसरं कधीपासून?”

“मागच्या आठवड्यापासून. ऐका.” तिने श्वास घेतला, आणि मग तिच्या पूर्ण, खऱ्याखुऱ्या आवाजात बोलली, म्हणजे समोरच्या बाकावरच्या दोघांनीही माना वळवल्या आणि मांजराने कान. “उद्या सकाळी आपला बोर्ड खाली येणार. मावशींना सांगून झालंय, शिडी त्या आणतायत, कडा मी घासणार, हळू. घड्याळवाल्या काकांना दिलेला शब्द मोडायचा नाही. त्यांचा बोर्ड दारातच राहील, फक्त तुमच्या डोक्यावर नाही, गिऱ्हाइकांच्या बुडाखाली. वर नवा बोर्ड लागेल, तो मी रंगवणार, आणि त्यावर जे आत मिळतं तेच लिहिणार. आपण कुठेही जात नाही. आणि सोमवारी मामाला फोन करून ‘येत नाही’ हे सांगायचं कामही माझंच. कारण बाबांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे टॉवरमधल्या प्रत्येक घड्याळाला माहीत आहे!”